थंडा नावाचं अ‍ॅसिड

नवघर रोड, भाईंदर (पूर्व)
१९ जून २००५

प्रिय ईश्वरदादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच करणार होते, पण खालच्या पीसीओत उभं राहून केमिस्ट्री विचारता येत नाही. मागच्या वेळी मी तुला ‘सी सिक्स एच फाइव्ह’ सांगत होते, तर मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, “बेन, गाडी का नंबर बाद में लिखवाना.” तेव्हाच ठरवलं, यापुढे केमिस्ट्री पत्रातून.

बारावी सुरू झाली. दहावीपर्यंत आपलं सगळं मराठीत होतं, आम्ल ते आम्ल आणि अल्क ते अल्क. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका रात्रीत सगळं इंग्रजी झालं. आमचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात. फळ्याला बहुतेक समजतं. आम्ही उतरवून घेतो आणि घरी येऊन घोकतो. अकरावीत शंभरात एकेचाळीस पडले, ते मी बाबांना ‘पास’ एवढंच सांगितलं.

बाबांचं काय सांगू! बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आला की पहिल्या दिवशी त्याला कळतं की राघो मांडवकरचा पुतण्या लोट्याला कंपनीत केमिस्ट आहे. “आमच्या घराण्यातला पयला बीयस्सी,” असं सांगताना ते स्वतःच पास झाल्यासारखे दिसतात. मी सायन्स घेतलं तेही तुझ्या नावावर. आई म्हणत होती, कॉमर्स घे, बँकेत लागशील. बाबा म्हणाले, “ईश्वर हाय ना, तो सांगंल तिला.” तेव्हा आता सांग बाबा.

होळीपासून बाबा गाळ्यात टाकीवर गेलेत. आधी ते माल उचलायचे, पाठ गेली. आता स्टीलच्या काळ्या पट्ट्या अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवायच्या आणि पांढऱ्याशुभ्र झाल्या की काढायच्या. बसून काम नाही, पण ओझं नाही म्हणून खूश आहेत. एकच कुरकुर, चष्मा. काच सारखी धुरकट होते, होळीपासून दुसरी बसवली. आई म्हणते, तेलकट हाताने पुसता म्हणून. केबिन रोडचा चष्मेवाला विचारतो, “अंकल, रेती से साफ करते हो क्या?” बाबा त्याच्यावर चिडून घरी आले आणि आईच्या पदराने पुसत बसले. आईची आणि त्यांची त्यावरून अर्धा तास जुंपली.

तर मुद्दा असा की सॉल्ट अ‍ॅनालिसिस माझ्या डोक्यात शिरत नाही. पांढरी भुकटी देतात आणि म्हणतात, ओळख. मला सगळं मीठच वाटतं. काहीतरी युक्ती लिहून पाठव. मोठ्या आईला नमस्कार.

तुझी,
संचिता

---

लोटे, ता. खेड
३ जुलै २००५

चि. संचिता,

तुझं पत्र पोचलं. एकेचाळीसचं गुपित माझ्यापाशी राहील, पण बेचाळीस झाले नाहीत तर मी काकांना सांगेन.

घोकून काही होत नाही गं. केमिस्ट्री ही वगळण्याची विद्या आहे. भुकटी हातात आली की ‘हे काय आहे’ विचारू नकोस, ‘हे काय नाही’ विचार. आधी रंग बघ. निळी नसेल तर तांबं खोड. मग वास. मग पाण्यात विरघळते का. मग एकेक टेस्ट. जे नाही ते खोडत गेलीस की शेवटी जे उरेल तेच उत्तर. घरी शिधा संपला की माझी आई, तुझी मोठी आई, डबे उघडून बघते ना, हा रिकामा, हा रिकामा, अन् मग कुळीथ सापडतात आणि पिठी होते. तसंच.

सोबत चार पानं लिहून पाठवतोय, सहाही ग्रुप क्रमाने. माझ्या हाताची नोट आहे, जपून ठेव. अक्षर तेवढं कौतुकाचं आहे, हे काकांना दाखव.

इथे काम खूप. लॅबमध्ये सकाळपासून उभं राहायचं, सँपल तपासायचे, सह्या करायच्या. साहेब लोक विश्वासाने विचारतात. गणपतीला तुम्ही याल ना? बारावी असली म्हणून काय झालं, पाच दिवसांत काही ज्ञान आटत नाही.

आपला,
ईश्वर

---

नवघर रोड
२१ ऑगस्ट २००५

प्रिय दादा,

युनिट टेस्टला पन्नासात अडतीस! सरांनी मागे वळून बघितलं. मला वाटतं वर्षात पहिल्यांदा. तुझी चार पानं मी वहीला शिवून टाकलीत. वर्गातल्या दोघींनी झेरॉक्स मागितली, मी दिली नाही. वाईट आहे ना मी?

गणपतीला येणं होत नाही. बाबांना सुट्टी नाही आणि आई म्हणते, एक वर्ष देव समजून घेईल, बोर्ड घेणार नाही.

आता एक तुझ्या कामाचा प्रश्न. अभ्यासातला नाही, घरातला. टाकीत दोन प्रकारचं अ‍ॅसिड ओततात. गाळ्यातली माणसं एकाला ‘गरम’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘थंडा’. गरम ओतलं की तपकिरी धूर येतो, हाताला थेंब लागला तर माणूस नाचतो, कातडी पिवळी पडते. त्याला सगळे भितात, हातमोजे घालतात. थंड्याला कोणी भीत नाही. मी बाबांना जेवायला बसल्यावर एकेक विचारून जर्नलसारखं लिहून काढलंय:

रंग: पाण्यासारखा.
वास: झोंबरा, पण गरमापेक्षा कमी.
धूर: थोडा, पांढरट.
हाताला लागल्यावर: काहीच नाही. म्हणून तर नाव थंडा.
भांडं: पांढरा प्लास्टिकचा कॅन. लेबल शेठने खरवडलेलं.

लेबल का खरवडतात विचारलं तर बाबा म्हणाले, “शेठची मर्जी. बाजूच्या गाळ्यावाल्याला कळू नये, माल कुठून आणतो ते.”

मला याचं पडलंय ते अशासाठी की बाबांची बोटं दुखतात. दुपारी थंडा लागला तर तेव्हा काही नाही, संध्याकाळी घरी आल्यावर ठणका सुरू होतो. आतून, हाडातून, असं म्हणतात. दोन नखांखाली पांढरट झालंय. मोजे घाला म्हटलं तर म्हणतात, “रबराच्या मोज्यात कॅन सटकतो. आणि थंड्याला कोण मोजं घालतं? पोरं हसतील.”

सरांना विचारता आलं असतं. पण खरं सांगते, वर्गात मी सांगितलंय की बाबा स्टील कंपनीत सुपरवायझर आहेत. आता टाकीचं कसं विचारू? तू केमिस्ट आहेस, आपला आहेस, म्हणून तुला विचारते. हे काय आहे? घाबरायचं का?

संचिता

---

लोटे
३० ऑगस्ट २००५

चि. संचिता,

अडतीसबद्दल शाब्बास. निरीक्षणं छान लिहिलीस, अशीच बोर्डात लिही.

आता आपण वगळत जाऊ. सल्फ्युरिक? नाही, ते तेलासारखं जड असतं आणि लागलं की कातडी काळी करतं. नायट्रिक? नाही, तोच तर तुमचा गरम. तपकिरी धूर दुसऱ्या कुणाचा नसतो. मग उरलं काय? हायड्रोक्लोरिक. पांढरट धूर, झोंबरा वास, बरोबर जुळतं. हाताला जाळत नाही म्हणजे त्यात भरपूर पाणी घातलेलं असणार. डायल्यूट एचसीएल. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही मुली रोज हाताळता तेच. घाबरण्याचं काही कारण नाही.

बोटं दुखतात ती दिवसभर पाण्यात आणि कॅन उचलून. काकांचं वयही झालं. घरी आल्यावर कोमट पाण्यात धुवून खोबरेल तेल चोळायला सांग. मोज्यात कॅन सटकत असेल तर तोच धोका जास्त, तेव्हा जबरदस्ती करू नकोस. शेठशी लेबलावरून हुज्जत घालू नका, नोकरी महत्त्वाची. मी इथे असल्या दहा अ‍ॅसिडांत वावरतो, मला काही झालेलं नाही.

तू या गोष्टींत डोकं घालू नकोस. ऑरगॅनिक सुरू कर.

ईश्वर

---

नवघर रोड
६ नोव्हेंबर २००५

ईश्वरदादा,

दिवाळीचं शुभेच्छापत्र मिळालं. उत्तर दिलं नाही कारण आमच्याकडे दिवाळी नव्हती. मोठ्या आईला आम्ही मुद्दाम कळवलं नाही. आता तुला सगळं लिहिते. तू शेवटपर्यंत वाच.

अठरा ऑक्टोबरला सकाळी अकराला थंड्याचा कॅन बाबांच्या हातात कलंडला. उजवा हात मनगटापर्यंत भिजला. बाबांनी तांब्याभर पाणी ओतलं, फडक्याने पुसला, डब्यातल्या बाटलीतलं खोबरेल लावलं. ते तुझं तेल. आईने बाटली भरून दिलेली होती. आणि पाळी संपेपर्यंत काम केलं, कारण दुखत नव्हतं. दुखत नव्हतं, दादा! शेजारचा माणूस म्हणाला, “राघोभाऊ, थंडा है, कुछ नहीं होता.”

पाचला घरी आले तेव्हा हात छातीशी धरून आले. माझे बाबा पाठ गेली तेव्हा ‘आई गं’ म्हणाले नव्हते. ते त्या दिवशी जमिनीवर बसून भिंतीवर डोकं आपटत होते. आम्ही त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कौन सा अ‍ॅसिड?” आई माझ्याकडे बघायला लागली. बाबासुद्धा. आणि मी, सायन्सवाली मुलगी, इंग्रजीत म्हणाले, “डायल्यूट हायड्रोक्लोरिक, सर.” डॉक्टरांनी मान डोलावली. म्हणाले, “मग फार नाही, दोन दिवसांत उतरेल.” ड्रेसिंग केलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं.

उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा दोन बोटं काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

मी प्रिलिमचा अभ्यास हॉस्पिटलच्या बाकावर करत होते. हॅलोजनचा धडा. त्यात एक प्रश्न आहे, दोन मार्कांचा, मी तो युनिट टेस्टलाही लिहिला होता आणि दोन्ही मार्क मिळवले होते. हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड काचेच्या बाटलीत का ठेवत नाहीत? कारण ते काच खातं. प्लास्टिकमध्ये ठेवतात. मी ते वाक्य इंग्रजीत घोकत होते आणि समोर बाबा झोपले होते, उशीशेजारी त्यांचा धुरकट चष्मा. दादा, ते वाक्य माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं आणि चष्मा घरात मराठीत होता. दोघांची कधी गाठच पडली नाही. जून महिन्यात मी तुला स्वतःच्या हाताने लिहिलं होतं चष्म्याचं. गंमत म्हणून.

मग मी सरांकडे गेले. बाबा सुपरवायझर नाहीत हेही सांगितलं. सर पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलले. ते म्हणाले, हे कातडीला लगेच जाळत नाही, आत जातं आणि हाडातलं कॅल्शियम धरतं. त्याच दिवशी नाव कळलं असतं तर बोटं कदाचित वाचली असती.

नाव मी सांगितलं होतं. मला तू सांगितलं होतंस. तू रोज दहा अ‍ॅसिडांत वावरतोस ना? मग तुझ्या यादीत हे एक कसं नव्हतं? मी भांडत नाही. मला फक्त कळू दे.

बाबा तुझ्यावर जरा रागावलेले नाहीत. उलट भेटायला येणाऱ्याला सांगतात, “ईश्वरने तेल सांगितलं व्हतं म्हणून दोनावर निभावलं.”

संचिता

---

लोटे
१९ नोव्हेंबर २००५

संचिता,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

मी केमिस्ट नाही. मी बी.एस्सी.पण नाही. दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीतच नापास झालो, दोनदा. आईला सांगायची छाती झाली नाही. मी ‘पास’ एवढंच कळवलं होतं, गावात तोवर पेढे वाटून झाले होते आणि काका भाईंदरहून शर्टपीस घेऊन आले होते. म्हणून लोट्याला आलो. कंत्राटदाराकडे लागलो. मी पॅकिंगला आहे. पोत्यांत पावडर भरायची, काट्यावर ठेवायची, तोंड शिवायचं. लॅबची पायरी मी दोन वर्षांत तीनदा चढलो, ती चहा पोचवायला.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. ‘माहीत नाही, सरांना विचार’ एवढं लिहायला एक कार्ड पुरलं असतं. पण तू लिहिलं होतंस, ‘तू केमिस्ट आहेस, आपला आहेस.’ मी खोलीवर बसून तुझंच बारावीचं ज्ञान तुला परत पाठवलं. वगळत वगळत गेलो. जे मला आठवत होतं तेवढ्यातूनच वगळलं. जे आठवलंच नाही ते वगळणार कसं? चष्म्याचं वाचून मी हसलो होतो. तेवढंच.

तुझं पत्र घेऊन मी इथल्या खऱ्या केमिस्टबाईंकडे गेलो. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, त्यासाठी एक कॅल्शियमचं मलम असतं, लागल्याबरोबर धुवून चोळत राहायचं असतं. इथे त्याच्या ट्यूब भिंतीवरच्या पेटीत असतात. मी एक मागितली. स्टोअरवाला म्हणाला, गेटबाहेर नेता येत नाही. मी गयावया केली, तर म्हणाला, तुला कशाला, तू तर पोती शिवतोस.

काकांना सांगू नकोस असं म्हणणार होतो. पण ते म्हणायचा मला काय हक्क? तुला वाटेल ते कर. मी तुझ्या जागी असतो तर माझं तोंड बघितलं नसतं. दोन बोटं, संचिता. त्या हाताला धरून मी शाळेत गेलोय.

ईश्वर

---

नवघर रोड
१५ जानेवारी २००६

दादा,

दोन महिने तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. रागावून थकले. आणि राग तरी किती पुरवायचा, अर्धा माझ्याच वाट्याचा आहे. मी बाबांना तुझं काही सांगितलेलं नाही. तुझी दया आली म्हणून नाही, त्यांची आली म्हणून.

बाबा एक तारखेपासून परत टाकीवर आहेत. शेठने हॉस्पिटलचं काही दिलं नाही, म्हणाला, जागा राखून ठेवली हेच उपकार समजा. सर म्हणाले, तक्रार करूया, कारखान्यांचा सरकारी इन्स्पेक्टर असतो, मी अर्ज लिहून देतो. बाबांनी हात जोडले. तीन बोटांचा नमस्कार मी पहिल्यांदा बघितला. म्हणाले, “सर, गाळा बंद झाला तर चाळीस माणसं घरी बसतील, अन् माझं नाव घेतील.” सर अर्ज खिशात घालून गेले.

मी बाबांना नाव सांगितलं. हायड्रोफ्लुओरिक. तीनदा म्हणवून घेतलं. त्यांना म्हणता आलं. मग म्हणाले, “नाव कळून काय करू गं? नाव कळलं म्हणून टाकी बदलते काय?” तरी मी कार्डबोर्डवर हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, लाल स्केचपेनने, की हे हाडापर्यंत जातं, मोजे घाला, लागलं तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरला हे नाव सांगा. बाबांनी इमानदारीत कॅनला चिकटवलं. शेठने दुपारी काढून टाकलं. “लेबर डर जाएगा.”

मलमासाठी मी केबिन रोडची आणि स्टेशनजवळची औषधांची दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, म्हणाला, मम्मी के घुटने के लिए है ना? बाबा आता मोजे घालतात. उजव्या मोज्याची दोन बोटं रिकामी लोंबतात आणि कॅनच्या मुठीत अडकतात. आईने ती आत वळवून शिवली, तर रबर फाटलं. आईला त्या दिवशी फार रडू आलं, बोटं गेली तेव्हा आलं नव्हतं इतकं.

आता ज्याच्यासाठी लिहितेय ते. बाबांनी शेठकडे तुझ्यासाठी शब्द टाकलाय. पाठ गेली, बोटं गेली, तरी स्वतःसाठी काही मागितलं नाही, तुझ्यासाठी मागितलं. म्हणाले, माझा पुतण्या केमिस्ट आहे, त्याला टाकीवर देखरेखीला घ्या, जाणकार माणूस उभा असला की असं होणार नाही. आणि शेठ चक्क तयार झाला. स्वस्तात शिकलेला माणूस मिळतोय. फेब्रुवारीत यायचं म्हणे. बाबांनी गाळ्यात सगळ्यांना सांगून टाकलंय. बोटं गेल्यापासून मी त्यांना इतकं हलकं बघितलं नव्हतं. काल जेवताना म्हणाले, “ईश्वर बाजूला उभा असला की मला भ्या नाय.”

तू आलास तर तू त्या टाकीशी उभा राहशील आणि चाळीस माणसं तुला विचारतील. नाही आलास तर का, ते सांगावं लागेल. मी काय करू, मला सुचत नाही. माझी प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात आहे आणि मी वहीसमोर बसून हेच बघत राहते.

संचिता

---

लोटे
१२ फेब्रुवारी २००६

ती. राघोकाकांस शिरसाष्टांग नमस्कार.

काका, मी शेठच्या कामाला येऊ शकत नाही. मी केमिस्ट नाही. दोन वेळा नापास झालो आणि ते सगळ्यांपासून लपवलं. कंपनीत मी पोती भरतो आणि शिवतो. थंड्याचं जे मी संचिताला कळवलं ते मनाने ठोकून दिलेलं होतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवून डॉक्टरांना तेच सांगितलं. त्यात तिची काही चूक नाही. तुमची बोटं माझ्यामुळे गेली.

आईला मी परवा गावी जाऊन सांगितलं. ती बोलत नाही.

तुम्ही मला मारलंत तरी मी येऊन उभा राहीन, पण टाकीशी जाणकार म्हणून उभा राहणार नाही. एवढं एक तरी मला खरं करू द्या.

आपला,
ईश्वर

---

नवघर रोड
२६ फेब्रुवारी २००६

ईश्वरदादा,

तुझं पत्र मंगळवारी आलं, बाबांच्या नावाने. त्यांच्या नावाने फक्त लाइटबिल येतं, त्यामुळे त्यांना केवढा आनंद झाला होता. पाकीट त्यांनीच फोडलं, डाव्या हाताने. मग नेहमीसारखं माझ्यापुढे धरलं. चौथी शिकलेत, वाचता येतं, पण पत्र ते मलाच वाचायला लावतात, मुलगी शिकलेली आहे याची तेवढीच मजा. मला वाटलं, तू यायची तारीख कळवली असशील. बाबांनाही तेच वाटलं. आईला हाक मारून म्हणाले, “ये गं ऐकायला, ईश्वरचं हाय.”

दुसऱ्या ओळीवर मी थांबले. बाबा म्हणाले, “वाच.” मी तिथेच काहीतरी बनवून वाचू शकले असते, दादा. सुट्टी मिळत नाही, कंपनी सोडत नाही, दहा कारणं डोक्यात आली. पण खोटं सांगून काय होतं ते त्यांच्या मांडीवरच पडलेलं होतं, तीन बोटांचं. मी सगळं वाचलं. ‘तिची काही चूक नाही’ हेसुद्धा.

आईने तुला जे काही बोलायचं ते बोलून घेतलं, ते मी लिहीत नाही. बाबांनी तिला थांबवलं. मग म्हणाले, “दोन वर्सं पोरगं एकटंच निस्तरत व्हतं. सांगायचं तरी.” रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, तुलाही वाटलं असतं. तुला घरी ये म्हणालेत. नुसतं भेटायला.

पण झोपायच्या आधी त्यांनी मला विचारलं. अगदी साधं, उद्या भाजी काय करायची असं विचारतात तसं. म्हणाले, “मग आता आपण विचारायचं कुणाला?”

मी समोरच बसले होते. मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं होतं, गुरुवारी पेपर आहे. प्रॅक्टिकलला माझं सॉल्ट बरोबर आलं, सर म्हणाले, पंचाऐंशीच्या खाली जाणार नाहीस. ‘मला विचारा, बाबा’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मी तोंड उघडलं आणि मला त्या डॉक्टरांची डोलणारी मान दिसली. मी तोंड मिटलं आणि पुस्तकाचं पान उलटलं.

बाबांनी पुस्तकाकडे बघितलं. मग “बरं, अभ्यास कर,” म्हणाले आणि कुशीवर वळले. सकाळी सातला डबा घेऊन कामावर गेले.

संचिता